व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेला शेजारी: आपण नेमकं काय करायचं?

फुलवात (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०.४२

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा एक मुलगा (मुलगा कसला, तिशीला आलाय) गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढायचा. केंद्रात होता, गेल्या आठवड्यात घरी आला. दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. जिन्यात कॅमेरे लावा, वॉचमनला सांगून ठेवा, आईवडिलांना नोटीस द्या. एका काकांनी तर थेट लिहिलं, "घर विकून जायला सांगू." तो ग्रुप त्या मुलाचे वडीलही वाचतात, हे कुणाच्या डोक्यातही नाही. रविवारी सभा आहे.

आधी काय काय झालंय ते मला ठाऊक आहे. गच्चीवरच्या टाकीचे पितळी व्हॉल्व्ह त्यानेच विकले होते. त्यामुळे "बिचारा" वगैरे म्हणायला मी आलेली नाही.

पण केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली होती, तिचा अहवाल २०१९ साली आला. तिच्यात असं दिसलं की अमली पदार्थांवर अवलंबून असलेल्या वीस जणांपैकी जेमतेम एकाला कसलातरी उपचार मिळतो. दारूच्या बाबतीत तर अडतीसात एक. म्हणजे हा मुलगा त्या विसातला एक. तो केंद्रात गेला, राहिला, परत आला. आणि आम्ही काय करणार, तर त्याला जिन्यात गाठून त्याचे डोळे तपासणार?

मला उपदेश नकोय. घरी आलेल्या माणसाशी शेजाऱ्यांनी, नातेवाईकांनी, कामावरच्या लोकांनी कसं वागावं हे ज्यांना अनुभवाने माहीत आहे त्यांनी लिहा. सभेत मला काहीतरी ठोस बोलायचं आहे.

---

काकदृष्टी | सोमवार, रात्री ११.१५

ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण व्हॉल्व्ह तुमचे नव्हते, सोसायटीचे होते. आमच्या चाळीतून दोन सायकली आणि एक गॅसची टाकी गेली, तीही अशाच एका गर्दुल्ल्याच्या कृपेने. त्याच्या तोंडात कुणी जबरदस्तीने पुडी कोंबली नव्हती. स्वतःच्या पायांनी गेला ना ओढायला?

आता कुणीतरी येऊन सांगेल की व्यसन हा मधुमेहासारखा आजार आहे. आधीच उत्तर देऊन ठेवतो: मधुमेहाचा पेशंट शेजाऱ्याची गॅसची टाकी विकत नाही.

---

सुपारीचं_खांड | सोमवार, रात्री ११.२३

काकदृष्टींना अनुमोदन. टाकीवाल्या वाक्यासाठी तर दोनदा.

---

पेठकरी | मंगळवार, सकाळी ७.०५

काकदृष्टी, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच आहे.

आम्ही कॉलेजात होतो तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, हे प्रकरण मुंबई-पुण्यात नवीन होतं. अफगाणिस्तानात युद्ध पेटलं, तिकडची हेरॉइन आपल्या वाटेने पुढे जाऊ लागली आणि तिचा गाळसाळ भाग ब्राऊन शुगर म्हणून इथल्या गल्ल्यांत झिरपला. सिगरेटमध्ये भरून नाहीतर पन्नीवर जाळून धूर ओढायचा. सुई नाही, रक्त नाही, त्यामुळे पोरांना वाटायचं की हे गांजाचंच थोडं पुढचं. हे चिकटतं किती, हे त्यांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या आईबापांनाही नाही आणि खरं तर डॉक्टरांनाही फारसं नाही.

अनिल अवचटांनी तेव्हा त्यावर लिहिलं. ते वाचून पुलं आणि सुनीताबाईंनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते उभं केलं डॉ. सुनंदा अवचट यांनी. त्या स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. जिथे इतर ठिकाणी कुलपं आणि दंडुके चालायचे तिथे त्यांनी पेशंटशी माणसासारखं बोलणं हीच उपचाराची रीत ठरवली. बरे झालेले पेशंटच पुढे तिथे कार्यकर्ते झाले. त्यातल्या कित्येकांनी आधी घरातली भांडी विकलेली होती. गॅसची टाकी विकणारा माणूस कायमचा तोच राहतो असं नाही, एवढंच म्हणणं.

(मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन त्याच्याही आधी, १९८१ मध्ये सुरू केलं होतं. पुणेकर असून मुंबईला श्रेय देतोय, नोंद घ्यावी.)

---

मनोगती | मंगळवार, दुपारी २.३०

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, व्यसनाचे पेशंट रोज पाहतो.

काकदृष्टींनी मधुमेहाची उपमा मोडीत काढली ते बरंच झालं, मलाही ती आवडत नाही. पहिली पुडी माणूस स्वतः घेतो, याबद्दल वाद नाही. पण काही आठवडे रोज घेतल्यावर मेंदू हेरॉइन धरूनच आपलं कामकाज मांडतो. मग शेवटच्या डोसनंतर आठ-दहा तासांत नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं आतून कुणी पिळतंय असं दुखणं. पोरं याला टर्की म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती टोकाला जाते. या टप्प्यावर तो मजेसाठी घेत नसतो. सकाळी उठून नॉर्मल वाटावं म्हणून घेतो. चोरी यातूनच होते. म्हणून ती माफ होते का? नाही. चोरीची तक्रार जरूर करा. पण चोरीची करा, आजाराची करू नका.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. लोकांना वाटतं केंद्रातून आला म्हणजे बरा झाला. केंद्रात शरीर धुऊन निघतं आणि विचार करायला थोडी उसंत मिळते. खरा कस घरी आल्यावर लागतो. १९७१ च्या सुमारास व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकी सैनिकांमध्ये हेरॉइनचं व्यसन प्रचंड पसरलं होतं. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला. तिथे असताना साधारण पाचातला एक जण व्यसनी झाला होता, पण त्यांपैकी मायदेशी आल्यावर वर्षभरात पुन्हा व्यसनात अडकलेले पाच टक्क्यांच्या आसपासच होते. कारणं अनेक आहेत, पण एक उघड आहे: जिथे व्यसन लागलं ती जागा, ते सोबती आणि तो माल मागे, हजारो मैलांवर राहिला. आपला मुलगा मात्र केंद्रातून निघून त्याच नाक्यावर उतरतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काही आठवडे न घेतल्यावर शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते. अशात पाय घसरला आणि त्याने जुन्या सवयीने पहिल्याएवढाच डोस घेतला, तर श्वास थांबून जीव जाऊ शकतो. म्हणून "पुन्हा घेतलीस तर घराची पायरी चढू नकोस" ही धमकी धोक्याची आहे. मग तो घेतल्यावर सांगत नाही, एकटा कुठेतरी संडासात दार लावून घेतो.

---

बॉस्टनकर | मंगळवार, रात्री ८.१०

डॉक्टर, इथे अमेरिकेत नॅलोक्सोनचा (हेरॉइनच्या ओव्हरडोसवरच्या उताऱ्याचा) नाकात मारायचा फवारा २०२३ पासून विनाचिठ्ठी मिळतो. आमच्या ऑफिसच्या प्रथमोपचार पेटीतही आहे. भारतात काय परिस्थिती?

---

मनोगती | मंगळवार, रात्री ९.०२

आपल्याकडे ते मुख्यतः हॉस्पिटलात, इंजेक्शनच्या रूपात असतं. त्यामुळे माणूस बेशुद्ध आहे, श्वास अगदी मंद किंवा घोरल्यासारखा, ओठ निळसर, बुबुळांतली बाहुली टाचणीएवढी, असं दिसलं तर लगेच १०८ ला फोन. त्याला कुशीवर वळवा, श्वास चालू आहे ना ते बघत बसा. पाणी पाजू नका, आंघोळ घालू नका. आणि अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना काय घेतलंय ते खरं सांगा. अब्रूच्या भीतीने "चक्कर आली" असं सांगतात, त्यात मोलाची मिनिटं जातात.

---

आज_आत्ता | मंगळवार, रात्री ११.५०

बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे. आज लिहितो.

मी मुंबईतला. गर्द ओढायचो. आता नाही ओढत. किती वर्षं झाली ते लिहीत नाही, आमच्यात आजचा दिवस मोजतात.

काकदृष्टी, मी सायकल विकली नाही, पण बहिणीचा लग्नातला सेट विकला. तो कुठे गेला हे ती अजून विचारत नाही, आणि ते न विचारणं विचारण्यापेक्षा जड जातं.

फुलवातताई, ठोस हवं म्हणालात म्हणून ठोस लिहितो.

घरी आल्यावर मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल? डब्याचा. आई पोळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून द्यायची. फॉइल हातात आली की तोंडाला पाणी सुटायचं, पोटात गोळा यायचा. पन्नी ना ती आमची. दोन दिवस डबा न उघडता परत आणला. शेवटी आईला सांगितलं. ती काही बोलली नाही, दुसऱ्या दिवसापासून पोळ्या फडक्यात. त्या मुलाच्या आईला हे विचारायला सांगा, काय काय नजरेआड ठेवायचं ते तो सांगेल. चमचा, काडेपेटी, विशिष्ट छापाची दहाची नाणी, प्रत्येकाचं वेगळं असतं.

दुसरं, पैसा. पगार झाला की माझ्या हातात पैसा नको हे मी स्वतः सांगितलं. पण मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं, हा एक प्रकार. त्यांनी माझ्या नकळत खिसे तपासले असते, तर तो दुसरा. यातला फरक घरच्यांना कळायला वेळ लागतो.

तिसरं, काम. मला झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. मालकाने पहिल्याच दिवशी तोंडावर सांगितलं, "मशीन तुझं, गल्ल्यावर तू बसायचं नाही. जमणार असेल तर ये." मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. नातेवाईक "आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे" म्हणायचे आणि मी खोलीत शिरलो की पर्स उचलून आत न्यायचे. त्या मालकाने पर्स माझ्यासमोर उचलली, एवढंच. पुढे कधीतरी तो स्वतःच म्हणाला, आज जरा गल्ला बघ, मी जेवून येतो.

आणि मधे माझी स्लिप झाली होती, म्हणजे पुन्हा घेतली होती. केंद्रातल्या माझ्या मित्राला फोन केला, परत गेलो. बायको घरात होती पण तिने पैसे दिले नाहीत, केंद्रापर्यंत सोबत आली. तिला तिथल्या बायकांच्या गटात हे शिकवलं होतं. मुक्तांगणात पेशंटच्या बायकांचा "सहचरी" नावाचा गट आहे, तसे गट आता इतरत्रही चालतात. माझ्यापेक्षा तिला त्याची गरज जास्त होती.

---

काकदृष्टी | बुधवार, सकाळी ८.४०

आज_आत्ता, लिहिलंत ते वाचलं. दोनदा वाचलं. माझं मत बदललेलं नाही, पण गल्ल्यावालं पटलं.

---

नाशिककर_आई | बुधवार, दुपारी १२.१५

माझा मुलगा एमडी ही नशेची पावडर घेतो. घ्यायचा म्हणू का घेतो म्हणू, मलाच माहीत नाही. इंजिनिअरिंगला होता. पहिल्यांदा मित्रांनी दिली, रात्र जागून अभ्यास होतो म्हणून. मग दोन-दोन दिवस झोप नाही, जेवण नाही, भिंतीला कान लावून बसायचा, शेजारी आपल्यावर नजर ठेवतात म्हणायचा. मी त्याची उधारी किती वेळा फेडली! ती पोरं दारात येऊन उभी राहायची, नवरा म्हणायचा देऊन टाक आणि विषय मिटव. विषय मिटत नाही, पुढच्या महिन्यात आकडा वाढतो.

एका केंद्रात घातला होता. तिथे त्याला पट्ट्याने मारलं, पाय बांधून ठेवले. आम्हाला महिनाभर फोनवर बोलू दिलं नाही. आता तो कुठल्याही केंद्राचं नाव काढलं की थरथरतो. मी काय करू ते सांगा. इतके दिवस कुणाला विचारलंच नाही मी.

---

मनोगती | बुधवार, दुपारी ३.४५

ताई, आधी हे: तुमच्या बाबतीत जे घडलं ते बेकायदा होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या वापराशी जोडलेले मानसिक विकारही येतात. पेशंटला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला कलम ९५ ने बंदी आहे, आणि मानसिक रुग्णांना दाखल करून ठेवणाऱ्या केंद्राला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. पुढच्या वेळी दारातच नोंदणी क्रमांक मागा. मनोविकारतज्ज्ञ कधी येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. टाळाटाळ झाली तर मागे फिरा.

दुसरं. एमडी म्हणजे मेफेड्रोन, त्याची टर्की गर्दसारखी नसते. ती सुटल्यावर माणूस आधी झोपतो, मग प्रचंड उदास होतो. कशातच चव लागत नाही, आणि जीव द्यायचे विचार याच काळात येतात. गर्दसाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी आहे. जिभेखाली ठेवायची, टर्की येत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. नॅको ही सरकारची एड्स नियंत्रण संस्था तर सुईने घेणाऱ्यांसाठी ती केंद्रांवर मोफत देते. एमडीसाठी तसं बदली औषध नाही. समुपदेशन, झोप, उदासीवरचे उपचार आणि संशय फार असेल तर त्याची औषधं. यासाठी दरवेळी दाखल व्हावं लागत नाही. त्याला केंद्राची धास्ती आहे तर ओपीडीपासून सुरुवात करा, सिव्हिल हॉस्पिटलचा मनोविकार विभागही चालेल.

उधारी फेडणं थांबवा. दारात येणाऱ्यांबद्दल पोलिसांत जा. मुलाचं जेवण, अंथरूण आणि डॉक्टरची फी मात्र थांबवू नका. आणि तो आला नाही तरी तुम्ही एकट्या या. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, ती घरच्यांसाठीही आहे. त्याने जीवाचं काही बोलून दाखवलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही चोवीस तास चालू असतो.

जाता जाता, दारूवाल्या घरांसाठी: "नकळत दारू सोडवा" अशा जाहिराती बघून चहात-भाजीत पावडर कालवू नका. त्यात डायसल्फिराम (दारूशी न जुळणारं औषध) असेल आणि माणूस वरून प्यायला, तर जिवावर बेतू शकतं. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडू नका. गर्दची टर्की सहसा मारत नाही, दारूची मारू शकते. दोन-चार दिवसांत फिट, भास, ताप.

---

सुपारीचं_खांड | बुधवार, संध्याकाळी ५.२०

हे शेवटचं वाचून हबकलो. मामांना असंच कोंडलं होतं. वाचले ते नशीब म्हणायचं.

---

कलमबहाद्दर | बुधवार, रात्री ९.३०

वकिली चष्म्यातून दोन गोष्टी.

सोसायटीने "घर विकून जा" म्हणणं म्हणजे हवेतल्या गप्पा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३५ खाली सभासदाला काढायचं तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं, सभासदाला बाजू मांडायची संधी द्यावी लागते आणि वर निबंधकाची मंजुरी. आणि ते सभासदाच्या संस्थेला घातक वागण्याबद्दल असतं. त्याचा मुलगा आजारी होता हे त्यात बसत नाही. सेक्रेटरींना सभेआधीच शांतपणे सांगा.

दुसरं, "पोलिसांत नाव जाईल" या भीतीने लोक उपचार टाळतात. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा आहे, सेवनाबद्दल त्यात कलम २७ खाली शिक्षा आहे हे खरं. पण त्याच कायद्यात ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याच्यावर खटला चालत नाही. मात्र उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ खाली कोर्टही दोषी ठरलेल्या व्यसनीला तुरुंगाऐवजी उपचाराला पाठवू शकतं. हे मागावं लागतं. कुणी मागतच नाही, कारण पोलीस ठाण्यात बसलेल्या बापाला हे कुणी सांगत नाही.

विकणाऱ्याला यातलं काही लागू नाही, हेही लिहून ठेवतो, नाहीतर काकदृष्टी येतील.

---

काकदृष्टी | बुधवार, रात्री ९.४१

आलोच होतो.

---

फुलवात (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०.२०

सभेचा वृत्तांत.

आधी पाऊण तास गच्चीच्या गळतीवर गेला (आमच्याकडे हा विषय शाश्वत आहे). मग नोटिशीचा विषय निघाला. मी कलम ३५ सांगितलं, सेक्रेटरींनी चष्मा काढून पुसला. घर विकायचा विषय तिथेच संपला. कॅमेरे मात्र मंजूर झाले, जिन्यात आणि गच्चीच्या दाराशी. मी विरोध केला नाही. व्हॉल्व्ह गेले होते हे खरं आहे आणि कॅमेरा सगळ्यांसाठीच आहे. विरोध केला तो वॉचमनने "त्याची" झडती घेण्याला. तो ठराव दोन मतांनी पडला. म्हणजे जवळजवळ निम्म्या लोकांना झडती हवीच होती. माझी लोकप्रियता आता शून्य.

सभेआधी मी त्याच्या वडिलांना भेटले. आम्ही काय करू, असं सरळ विचारलं. ते म्हणाले, त्याच्याबद्दल जे बोलायचं ते ग्रुपवर नको, घरी येऊन बोला, चहा घ्या. आणि कुठे काम असलं तर सांगा. आई बोलली नाही, पण फॉइलचं सांगितलं तेव्हा उठून आत गेली आणि ओट्यावरचा रोलच कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

---

तळ्यातमळ्यात | सोमवार, सकाळी १०.०५

ताई, कल्याणला माझा छोटा प्रेस आहे, लग्नपत्रिका आणि बिलबुकं. बाइंडिंगला माणूस हवाय. पगार फार नाही. मी त्याला घेईन, पण मला हे नवीन आहे. रात्रपाळी चालेल का? आणि बाकीच्या कामगारांना सांगायचं की नाही? आज_आत्ता, तुम्ही सांगा.

---

आज_आत्ता | सोमवार, दुपारी १.३०

रात्रपाळी सुरुवातीला नको. झोप मोडली की डोकं फिरतं आणि रात्री दीडच्या रिकाम्या स्टेशनवर जुने लोक भेटतात. दिवसपाळी द्या, ठरावीक वेळेची. आठवड्यातून एकदा त्याला व्यसन सोडलेल्यांच्या बैठकीला जायचं असेल, त्या संध्याकाळी लवकर सोडा, त्याचा खाडा धरू नका. पगार आईच्या खात्यात टाकू का, हे त्यालाच विचारा, वडिलांना नाही. वसुलीला बाहेर पाठवू नका.

कामगारांना तुम्ही सांगू नका. सांगायचं की नाही ते तो ठरवेल. आणि प्रेसमध्ये थिनर वापरता ना? त्याची बाटली कुलपात ठेवा. का ठेवताय हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा.